गारगोटीला चकाकी कोणी आणली?

एपिसोडच्या सुरुवातीला तो खरर्र-खरर्र आवाज आला ना, तो तुमच्या हेडफोनचा प्रॉब्लेम नव्हता. तो रॉक टंबलरचा आवाज आहे. रबराचा एक डबा, आत दगड, पाणी आणि खरखरीत पावडर. खाली दोन रोलर आणि छोटी मोटर. डबा रात्रंदिवस हळूहळू फिरत राहतो आणि महिनाभराने आतून काचेसारखे गुळगुळीत दगड निघतात. आमच्याकडे कोणी पाहुणा आला की पहिला प्रश्न ठरलेला, "गिरणी टाकली काय रे घरात?"

हा छंद अमेरिकेतून आला असं बऱ्याच जणांना वाटतं. मशीन तिकडचं आहे, खरं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे घरोघरच्या गॅरेजमध्ये ही यंत्रं दिसायला लागली. पण दगड एकमेकांवर घासत, गोल फिरवत चमकवायचे, ही आयडिया आपल्या भागात कितीतरी जुनी आहे. आज तिच्याबद्दल बोलू. आणि त्या चकाकीची किंमत कोणी मोजली, त्याबद्दलही.

आधी दगड. अकोला-अमरावतीकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, वखर चालवताना वावरात पांढऱ्या, तांबूस, कधी पट्ट्यापट्ट्यांच्या गारगोट्या लागतात की नाही. लागतातच. कारण आपली काळी माती म्हणजे झिजलेला बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि तिथे पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षं सिलिका विरघळलेलं पाणी या पोकळ्यांत झिरपत राहिलं आणि भिंतीवर एकेक पातळ थर बसत गेला. पट्टे दिसतात ते त्या थरांचे. असा पट्ट्यांचा दगड म्हणजे अकीक. बाजारात माळ आणि अंगठी विकणारे त्यालाच हकीक म्हणतात. शब्द अरबीतून आलेला. लाल-नारिंगी असेल तर तो कार्नेलियन.

बेसाल्ट सडला, त्याची माती झाली, त्या मातीत कपाशी आली. सिलिका मात्र सडत नाही. म्हणून ज्या दगडात गारगोटी तयार झाली तो केव्हाच गेला आणि गारगोटी तशीच मागे राहिली. पूर्णेच्या सपाट मैदानात गाळ फार खोल आहे, तिथे शोधत बसू नका. दक्षिणेला पातूर, बार्शीटाकळीकडे डोंगर लागतात, तिकडच्या नाल्यांत उन्हाळ्यात चक्कर मारा. स्टीलच्या चाकूने ओरखडा उठला तर तो कॅल्साइट किंवा झिओलाइट असणार, ठेवून द्या. चाकूच हरला तर खिशात टाका. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून आणि लोणार सरोवरातून मात्र काहीच उचलायचं नाही. दगडसुद्धा नाही.

आता डब्यातली पावडर. तिची गोष्ट मला जाम आवडते. ती असते सिलिकॉन कार्बाइड. १८९१ मध्ये एडवर्ड अचेसन नावाचा अमेरिकन माणूस विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरा करायला बसला होता. हिरा झाला नाही, पण चकचकीत, भयंकर कठीण खडे निघाले. त्याला वाटलं हे कार्बन आणि कोरंडम यांचं मिश्रण असणार, म्हणून नाव दिलं कार्बोरंडम. त्याचा अंदाज चुकला, नाव मात्र टिकलं. आणि कोरंडम हा शब्द कुठून गेला? आपल्याकडच्या कुरुंदातून! तमिळमध्ये कुरुंदम, संस्कृतमध्ये कुरुविंद. म्हणजे अमेरिकन पावडरच्या डब्यावरचं अर्धं नाव इथलंच आहे. कार्बोरंडम येण्याआधी हजारो वर्षं कारागीर कुरुंदाच्या चुऱ्यानेच दगड घासत होते.

किती जुने कारागीर? लांब जायची गरज नाही. नागपूरजवळ माहुरझरी नावाचं गाव आहे. तिथे महापाषाणयुगातली शिळावर्तुळं आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं, पुढे डेक्कन कॉलेजच्या आर. के. मोहंती यांनी केलं. तिथे अकीक, कार्नेलियन, जास्पर, स्फटिक यांचे मणी मिळालेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्धवट मणी मिळाले. फोडलेले तुकडे, आकार दिलेले पण भोक न पाडलेले, भोक पाडताना फुटलेले. कोडच्या भाषेत सांगायचं तर नुसतं फायनल रिलीज नाही, सगळी कमिट हिस्टरी सापडली. मणी बाहेरून आणून वापरले नव्हते, इथेच घडवले होते, हे त्या कचऱ्याने सांगितलं.

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर म्हणून तुम्हाला माहीत असेल. तिथे १९६० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन केलं. या माणसाला मण्यांचं वेड होतं. १९४९ मध्ये त्यांनी भारतातल्या 'एच्ड' मण्यांवर, म्हणजे लाल कार्नेलियनवर क्षाराने पांढरी नक्षी काढून भाजलेल्या मण्यांवर, एक आख्खं पुस्तक लिहिलं. एवढ्याशा मण्यावर पुस्तक! पण मणी सडत नाही, गंजत नाही, आणि व्यापाऱ्याच्या पोतडीत हजार मैल जातो. कोणाचा कोणाशी संबंध होता हे शोधायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही.

व्यापाराचा तर लेखी पुरावाच आहे. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ग्रीक व्यापाऱ्याचं टिपण. त्यात लिहिलंय की पैठणहून गाड्यांमध्ये भरून, वाट धड नसलेल्या मुलखातून, भरपूर ऑनिक्स दगड भडोचच्या बंदरात येतो. पैठण ते भडोच वीस दिवसांचा प्रवास. ऑनिक्स म्हणजे आपल्या अकीकचाच भाऊ. बैलगाडीत गारगोट्या भरून निघालेले ते गाडीवान माझ्या डोळ्यांसमोर येतात. रोमला काय पाठवतोय याची त्यांना कितपत कल्पना असेल?

भडोचजवळ खंभात आहे आणि इथे आपली मुख्य गोष्ट सुरू होते. रतनपूरच्या खाणीतून अकीक यायचा. आधी तो उन्हात ठेवायचा, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या आचेवर भाजायचा. दगडातलं लोह तापलं की फिक्कट पिवळा दगड लाल होतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने तुकडे पाडायचे. शिंग का, तर लोखंडाचा घाव फार कडक बसतो, शिंगाचा नेमका बसतो. त्यानंतर घासणं, पॉलिश, आणि भोक पाडायला हिऱ्याची कणी बसवलेला सामता.

आणि पॉलिश कसं? १८८० च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये खंभातच्या या धंद्याचं वर्णन आहे. मोठ्या, महागड्या वस्तू एकेक करून हाताने घासायच्या. छोटे मणी मात्र ढिगाने चामड्याच्या मजबूत पिशवीत भरायचे. त्यात कुरुंदाची पूड आणि दगडांचाच बारीक चुरा टाकायचा. तोंड घट्ट बांधायचं. दोन माणसं समोरासमोर बसायची आणि पट्ट्याने ती पिशवी एकमेकांकडे ओढत लोळवत राहायची. मधूनमधून पाणी मारत. १० ते १५ दिवस!

थांबा, आता हे माझ्या टंबलरशी लावून बघा. रबराच्या डब्याच्या जागी चामडं. कार्बोरंडमच्या जागी कुरुंद. पाणी तेच. मोटरच्या जागी दोन माणसं. वेळ तर माझ्याकडेच जास्त लागतो, कारण इथे जाड, मध्यम, बारीक आणि शेवटी पॉलिश अशा चार टप्प्यांत एकेक आठवडा जातो. अचेसन आला, वीज आली, पण सिलिकाला घाई आवडत नाही.

घाई माणसाला होती. विजेवर फिरणारं एमरीचं चाक आलं आणि काही मिनिटांत मणी घासून होऊ लागला. कोरडा. पिशवीतला चुरा पाण्यात बसायचा, चाकावरचा चुरा हवेत उडायला लागला. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. त्याची अतिबारीक धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथे व्रण तयार होतात. याला सिलिकोसिस म्हणतात. बरा होत नाही. वर क्षयरोगाचा धोका वाढतो, आणि कित्येकदा निदानही नुसता टीबी असंच होतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या कामगारांचा अभ्यास केला. घासकाम करणाऱ्यांत हा आजार होताच, पण काम घरातच चालायचं म्हणून घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही झाला, ज्यांनी चाकाला कधी हात लावला नव्हता. संस्थेने धूळ शोषून घेणारी यंत्रणा तयार केली. पण घरी बसून नगावर पैसे मिळवणाऱ्या माणसाला तिचा खर्च आणि विजेचं बिल कोण देणार?

म्हणून ऑनलाइन शंभर-दोनशे रुपयांत लाल मण्यांची माळ 'एनर्जी हीलिंग' म्हणून दिसते तेव्हा माझी चिडचिड होते. हीलिंग कोणाचं?

तुम्ही हा छंद सुरू करणार असाल तर आजच्या एपिसोडमधलं हे एवढं तरी ऐका. यूट्यूबवर काही जण अँगल ग्राइंडरने गारगोटी कोरडी कापताना दिसतात, तोंडाला रुमाल बांधून. रुमालाने ही धूळ अडत नाही. कापायचं असेल तर पाण्याखाली, नाहीतर कापूच नका. टंबलरमध्ये सगळं ओलं असतं, म्हणून तो सुरक्षित. फक्त पावडर डब्यात टाकताना सांडून उडवू नका आणि उरलेला राखाडी गाळ वाळू देऊ नका. मोरीतही ओतू नका, पाइपमध्ये सिमेंटसारखा बसतो. ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात.

आणि दुसरी गोष्ट, वऱ्हाडातल्यांसाठी खास. आपल्या कितीतरी गावांत जुनी पांढर असते. आजूबाजूला सगळी काळी माती आणि मध्येच पांढरट मातीची टेकडी. ती माणसांच्या शेकडो वर्षांच्या वस्तीने झालेली असते, म्हणूनच रंग वेगळा. पावसाने माती धुऊन गेली की तिथे खापरं दिसतात, आणि कधीकधी मणीही. लहान पोरं ते वेचतात. घराच्या भिंतींसाठी लोक पांढरी माती नेतात, तिच्याबरोबर मणीही जातात.

असा मणी चुकूनही टंबलरमध्ये टाकू नका. अभ्यासक मण्याच्या भोकाचा साचा घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आतल्या रेषांवरून भोक कसल्या सामत्याने पाडलं, एका बाजूने की दोन्ही बाजूंनी, हे कळतं. भोकाच्या कडेची झीज दोऱ्याची असते, म्हणजे कोणीतरी तो गळ्यात घातला होता. आठवडाभर कार्बोरंडममध्ये फिरला की यातलं काहीच उरत नाही. मणी मस्त चमकेल, आणि मुका होईल.

मग करायचं काय? जिथे दिसला तिथेच राहू द्या, फोटो काढा, शेजारी मापाला एक नाणं ठेवा, लोकेशन सेव्ह करा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना-मॅडमना कळवा. कायदाही आहे. १८७८ चा निखात निधी कायदा म्हणतो की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. होय, दहा रुपये. रक्कम अजून तीच आहे.

नाल्यातली गारगोटी आणि मणी यात गोंधळ होत असेल तर सोपं आहे. गारगोटीला भोक असलं तरी ते वाकडंतिकडं आणि खडबडीत असतं, बुडबुड्याचं. मण्याचं भोक सरळ, गोल आणि आरपार असतं. उजेडाकडे धरून बघा.