काचेचा पेंडंट लाईट: घेण्याआधी आणि लावण्याआधी काय बघायचं?

छतापासून वायर, साखळी किंवा दांडीने खाली लोंबणारा दिवा म्हणजे पेंडंट लाईट. झुंबराला अनेक फांद्या असतात, पेंडंटला सहसा एकच बल्ब आणि भोवती काचेची शेड. डायनिंग टेबलवर तो छान दिसतो, पण डोक्यावर काच टांगायची आहे हे विसरून चालत नाही.

वजन कशावर आहे?

आमच्या घरी पहिला पेंडंट वायरमनने थेट फॉल्स सीलिंगच्या बोर्डात स्क्रूने अडकवला. काही महिन्यांनी बोर्ड खाली झुकला, म्हणून वेळीच लक्षात आलं. जिप्सम बोर्ड असं वजन पेलण्यासाठी नसतो. हुक वरच्या काँक्रीटच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनरने बसवून घ्या. आणि वायरचं काम वीज नेणं. ती वजन पेलण्यासाठीच बनवलेली नसेल, तर भार साखळीवर किंवा स्टीलच्या तारेवर हवा.

काच कोणती?

पारदर्शक काचेतून बल्ब थेट डोळ्यात येतो. तिथे कमी उजेडाचा फिलामेंट एलईडी बरा. दुधी काच उजेड पसरवते, त्यामुळे जेवताना किंवा वाचताना त्रास होत नाही. गोळा पूर्ण बंद असेल तर उष्णता आत कोंडते आणि एलईडीच्या बुडातलं सर्किट लवकर खराब होतं. असा बल्ब घेताना तो बंद शेडमध्ये चालतो का, हे खोक्यावर वाचा.

बल्ब आणि होल्डर

आपल्याकडचे नेहमीचे बल्ब पिनचे, म्हणजे बी२२. पेंडंटमध्ये बऱ्याचदा आट्यांचा ई२७ होल्डर असतो, म्हणून आधी तपासा. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल आट्यांना जोडायचा. उलटं झालं तर बल्ब बदलताना शॉक बसू शकतो. जेवणाच्या जागी २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड चांगला वाटतो. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र असतो. डिमर लावणार असाल तर बल्बही डिमरवर चालणाराच घ्या.

उंची किती?

टेबलापासून शेडच्या तळापर्यंत साधारण ७५ सेंमी, म्हणजे अडीच फूट अंतर ठेवा. छत साडेनऊ फूट आणि टेबल अडीच फूट असेल, तर शेड धरून एकूण लोंबण साडेचार फूट येते. ये-जा असेल तिथे खाली किमान ७ फूट मोकळे हवेत. पंख्याच्या जवळ लावू नका. वाऱ्याने शेड हलत राहते.

लावताना

- एमसीबी बंद करा, नुसतं बटण नाही.
- धातूची बॉडी असेल तर अर्थिंग जोडलंच पाहिजे.
- काच पुसताना दिवा बंद आणि थंड हवा, फडकं कोरडं.

मी आता दुकानात शेड आवडली की आधी तिचं वजन विचारतो, मग किंमत.