विश्वाची ‘मॉक टेस्ट’: खोटं आकाश तयार करून शास्त्रज्ञ खरे आकडे कसे तपासतात?

विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं आहे. त्यात आपल्या ओळखीचं द्रव्य जेमतेम ५ टक्के आहे. असे आकडे तुम्ही कधी ना कधी वाचले असतील. पण ते बरोबर आहेत हे तपासायचं कसं? विश्व एकच आहे आणि त्याची उत्तरपत्रिका कुणाकडेच नाही.

यावरचा उपाय लातूर-नांदेडच्या मुलांना समजावून सांगावा लागणार नाही. नीटच्या आधी मॉक टेस्ट का देतात? कारण तिची उत्तरं आधीच ठरलेली असतात, त्यामुळे तयारी कुठे कच्ची आहे ते लगेच कळतं. विश्वाचा अभ्यास करणारेही तेच करतात. उत्तरं आधी ठरवून ते कॉम्प्युटरवर एक खोटं आकाश तयार करतात आणि आपली पद्धत ती उत्तरं परत शोधून काढते का, हे बघतात.

सीएमबी म्हणजे काय?

बिग बँगनंतर साधारण ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व इतकं थंड झालं की प्रकाशाला मोकळी वाट मिळाली. तोच प्रकाश आज मायक्रोवेव्हच्या रूपात सगळ्या दिशांनी येतो. याला कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड, थोडक्यात सीएमबी म्हणतात. अर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६५ मध्ये त्याचा शोध जाहीर केला आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या प्रकाशाचं तापमान उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे २.७२५ केल्विन आहे. ते सगळीकडे जवळपास सारखं असलं, तरी त्यात लाखात एक भाग इतका बारीक फरक आहे. काही ठिपके किंचित गरम, काही किंचित थंड. विश्वाची माहिती या ठिपक्यांमध्येच दडलेली आहे.

सहा आकड्यांचं विश्व

सध्याच्या प्रमाण मॉडेलमध्ये विश्वाचं वर्णन सहा आकड्यांत होतं. साधं द्रव्य किती, डार्क मॅटर किती, विश्व किती वेगाने प्रसरण पावतं, सुरुवातीच्या चढउतारांची उंची किती, लहान आणि मोठ्या चढउतारांमधला कल किती, आणि पहिल्या ताऱ्यांनी वाटेतला किती प्रकाश विखुरला.

युरोपच्या प्लांक उपग्रहाने हे आकडे फार बारकाईने मोजले. तो २००९ मध्ये सोडला गेला आणि त्याचे अंतिम निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यानुसार प्रसरणाचा वेग दर मेगापार्सेकमागे सेकंदाला ६७.४ किलोमीटर आहे. मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं.

खोटं आकाश कसं बनतं?

१. आधी उत्तरं ठरवायची. सहाही आकडे निवडून लिहून ठेवायचे.

२. मग कॅम्ब किंवा क्लास या मोफत प्रोग्रामना ते आकडे द्यायचे. लहान-मोठ्या कोनांवर गरम-थंड फरक सरासरी किती तीव्र असेल, याचा आलेख ते काढून देतात. त्याला पॉवर स्पेक्ट्रम म्हणतात. साध्या लॅपटॉपवर हे काम काही सेकंदांत होतं. या आलेखातलं सगळ्यात उंच शिखर साधारण १ अंशाच्या कोनावर येतं.

३. स्पेक्ट्रम फक्त सरासरी सांगतो, कुठला ठिपका कुठे असेल ते सांगत नाही. ते रँडम आकड्यांनी ठरतं. हीलपिक्स पद्धतीने गोलाचे समान क्षेत्रफळाचे तुकडे करून त्यावर ठिपके मांडले जातात. प्लांकच्या सर्वांत बारीक नकाशांत असे ५ कोटींहून जास्त तुकडे आहेत.

४. दुर्बिणीला सगळं धूसर दिसतं, म्हणून नकाशाही तेवढाच धूसर करायचा.

५. आपल्या आकाशगंगेतली धूळ आणि इलेक्ट्रॉन स्वतःही मायक्रोवेव्ह सोडतात. हा ‘कचरा’ प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर वेगळा दिसतो, तोही मिसळायचा.

६. शेवटी उपकरणाचा नॉइज टाकायचा. उपग्रह आकाशाचा काही भाग जास्त वेळ बघतो, काही कमी. त्यामुळे नॉइजही सगळीकडे सारखा ठेवून चालत नाही.

पेपर तपासायचा कसा?

आता हे आकाश खरं आहे असं समजून विश्लेषण करायचं. कचरा वेगळा काढायचा, आकाशगंगेचा पट्टा झाकायचा, उरलेल्या भागातून स्पेक्ट्रम मोजायचा. मग मार्कोव्ह चेन मॉन्टे कार्लो ही पद्धत सहा आकड्यांच्या हजारो जोडण्या तपासते आणि कोणत्या जोडण्या डेटाशी जुळतात ते सांगते.

एकदा उत्तर थोडं चुकलं म्हणून पद्धत नापास होत नाही, तो रँडम आकड्यांचाही खेळ असू शकतो. म्हणून शेकडो, हजारो आकाशं बनवतात. सगळ्यांची सरासरी ठरलेल्या उत्तरापासून सरकली, तर पद्धतीत दोष आहे. उत्तरं किती विखुरली, त्यावरून खऱ्या निकालाची अनिश्चितता कळते. प्लांकच्या २०१५ च्या विश्लेषणासाठी संपूर्ण मोहिमेच्या अशा १० हजार नकला तयार केल्या होत्या.

नव्या उपकरणाची क्षमता पटकन अजमावायची असेल, तर नकाशा न बनवता थेट स्पेक्ट्रमलाच डेटा मानतात आणि नॉइजचा हिशेब वेगळा जोडतात. यात रँडम भाग नसल्यामुळे सर्वांत जुळणारं उत्तर ठरवलेल्या आकड्यांवरच यायला हवं. नाही आलं, तर गडबड कोडमध्ये आहे. बऱ्याचदा ती एककांची असते. कॅम्ब सहसा स्पेक्ट्रमला एका गुणकाने गुणून देतो. नकाशा बनवताना किंवा नॉइज मिळवताना तो गुणक काढला नाही, तर पुढचं सगळं गणित बिघडतं.

धुळीने केलेली फसगत

मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ प्रयोगाने विश्वाच्या जन्मावेळच्या गुरुत्वीय लहरींचे ठसे सापडल्याचं जाहीर केलं. जगभर हेडलाइन झाल्या. पण २०१५ च्या सुरुवातीला प्लांकसोबत केलेल्या संयुक्त विश्लेषणात, त्या लहरी सापडल्याचा ठोस पुरावा उरला नाही. त्या सिग्नलचा मोठा भाग आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला.

धडा सरळ होता. मॉक टेस्टमध्ये धूळ खऱ्यापेक्षा कमी किंवा साधी ठेवली, तर पद्धत तिथे पास होते आणि खऱ्या आकाशावर फसते.

भारताची तयारी

त्याच लहरी शोधण्यासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी इस्रोपुढे ‘सीएमबी-भारत’ म्हणजेच ‘इको’ या उपग्रहाचा प्रस्ताव मांडला. त्यात तरुण सौरदीप यांचा पुढाकार होता. जयंत नारळीकर यांनी उभारलेल्या पुण्याच्या आयुका संस्थेत त्यांनी दीर्घकाळ काम केलं. बायसेप-२ ने सांगितलेल्या सिग्नलचं प्रमाण ०.२ होतं. इकोचं लक्ष्य आहे ०.००१, म्हणजे त्याच्या दोनशेव्या भागाइतकं.

हे जमेल का, हे तपासणारा पेपर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो उभा आहे खोट्या आकाशांवर. धूळ साधी ठेवली तेव्हा कचरा वेगळा करण्याच्या दोन्ही पद्धती पास झाल्या. ती गुंतागुंतीची केल्यावर एक पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरली. उपग्रहावर पैसे खर्च होण्याआधीच ही गोष्ट कळली, ती या सरावामुळे.

मराठवाड्याचा संबंध

प्लांकने दिलेला प्रसरणाचा वेग ६७.४, तर तारे आणि सुपरनोव्हा वापरून २०२२ मध्ये मोजलेला वेग सुमारे ७३. हा फरक योगायोगाने यावा इतका लहान नाही. मोजणीत चूक आहे की विश्वाच्या मॉडेलमध्येच काही राहून गेलंय, यावर वाद सुरू आहे.

तिसरा मार्ग गुरुत्वीय लहरींचा आहे. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवरून हा वेग स्वतंत्रपणे मोजता येतो. २०१७ मधल्या अशा पहिल्या टकरीवरून ७० च्या आसपास आकडा आला, पण त्याची अनिश्चितता मोठी होती. ती कमी करायला अशा आणखी टकरी आणि जगात आणखी वेधशाळा हव्यात. त्यातली एक, लायगो-इंडिया, नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

प्लांकचा डेटा आणि वर सांगितलेले प्रोग्राम सगळ्यांना मोफत मिळतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात किंवा लातूरच्या एखाद्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलीला पहिलं खोटं आकाश बनवायला उपग्रह लागत नाही. थोडं पायथॉन, एक लॅपटॉप आणि आधी लिहून ठेवलेली सहा उत्तरं एवढ्यावर सुरुवात होते.