‘१९६२’ हे साल नव्हे : जुन्या धाटणीचा ट्यूब ॲम्प निवडताना इतिहास कसा वाचावा?

१/ मार्शल या इंग्लिश कंपनीचा ‘१९६२’ नावाचा एक गिटार ॲम्प्लिफायर आहे. तो १९६२ सालचा नाही. त्याच कंपनीच्या साठच्या दशकातील दुसऱ्या एका ॲम्पचे नाव तर ‘१९८७’ आहे! हे आकडे रोझ-मॉरिस या वितरकाच्या यादीतले मालक्रमांक होत. शिलालेखातला आकडा शकाचा की विक्रम संवताचा, हे पाहिल्याविना आपण सन ठरवत नाही. ॲम्पच्या बाबतीतही तेच पथ्य पाळावे लागते.

२/ प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. विद्यार्थीदशेत किंवा पहिल्या नोकरीत हाती एकाच चांगल्या ॲम्पपुरती बचत असते, घर म्हणजे दहा बाय बाराची खोली आणि भिंतीपलीकडे शेजारी. दुकानात मात्र प्रत्येक पेटीवर ‘व्हिंटेज’, ‘अस्सल’, ‘५९’, ‘६५’ असे शिक्के. या शिक्क्यांचा अर्थ कसा लावायचा, हा या थ्रेडचा विषय.

३/ आधी दोन शब्द. ॲम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर एकाच पेटीत असले की तो ‘कॉम्बो’. अमेरिकेत ज्याला ‘ट्यूब’ म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये ‘व्हॉल्व्ह’ म्हणतात, आणि म्हणून आपल्याकडच्या आजोबांच्या पिढीलाही ‘व्हॉल्व्हचा रेडिओ’च ठाऊक असतो. बटण फिरवल्यावर काचेच्या नळ्या तापेपर्यंत थांबायचे आणि मग आवाज यायचा, तो रेडिओ. गिटारचा ट्यूब ॲम्प हा त्याचाच सख्खा भाऊ.

४/ या पेटीचा जन्म एका साध्या अडचणीतून झाला. १९३० च्या दशकातील अमेरिकी नृत्यवाद्यवृंदांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनपुढे गिटार ऐकूच येत नसे. १९३६ साली गिब्सनने ‘ईएस-१५०’ ही विद्युत गिटार आणली. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या चमूत दाखल झाला आणि गिटार साथीतून उठून एकल वादनाला उभी राहिली. म्हणजे ॲम्प हे मुळात ‘या जागेत मी ऐकू कसा येईन?’ या प्रश्नाचे उत्तर होते.

५/ कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. १९४६ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने कंपनी उभारली. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वादकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि रेडिओचे ज्ञान वापरून त्या दूर करायच्या, ही त्यांची पद्धत. त्यांच्या पन्नासच्या दशकातील पेट्यांवरील पिवळसर कापडाला सगळे ‘ट्वीड’ म्हणतात. वस्तुतः ते सुती ट्विल आहे. रूढ नाव आणि वस्तू यांतला हा पहिला फरक.

६/ याच घराण्यातला ‘ट्वीड डिलक्स’ : दोन ६व्ही६ ट्यूब, १२ इंची एक स्पीकर, सुमारे १२ वॉट शक्ती. छोट्या मद्यगृहात ढोलकवाल्याशेजारी बसून वाजवण्यास पुरेसा. मात्र आवाजाची कळ अर्ध्यापुढे नेली की सूर फाटू लागे. निर्मात्याच्या दृष्टीने ही उणीव होती, आणि पुढची वर्षे फेंडर ती दूर करण्यात गुंतले होते.

७/ सूर का फाटतो? ट्यूबला ठरावीक मर्यादेपर्यंतच लहर मोठी करता येते. त्यापलीकडे ढकलले की लहरीचे माथे कापले जातात आणि मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात. त्याच वेळी डीसी वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायर ट्यूबवर ताण येऊन व्होल्टेज क्षणभर खाली बसते व पुन्हा सावरते. जोरात छेडलेला स्वर आधी दबतो, मग फुलतो. आज लोक ज्याला ‘उबदार’ आवाज म्हणून पैसे मोजतात, तो यंत्राला लागलेला दम आहे.

८/ हा दोष कुणाला प्रथम आवडला? १९५१ साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ ध्वनिमुद्रित झाले. गिटारवादक विली किझार्टच्या ॲम्पचा स्पीकर बिघडला होता, त्यात कागद कोंबून काम भागवले गेले आणि तो घरघरता आवाज तसाच ठेवला गेला. तो बिघडला कसा? गाडीवरून पडला, पावसात भिजला, अशा निरनिराळ्या हकिकती आहेत. कथनांत भेद आहे, ध्वनिमुद्रण मात्र एकच. अस्सल साधन तेच.

९/ पुढे अपघाताची जागा हेतूने घेतली. १९५८ च्या ‘रंबल’साठी लिंक रे याने स्पीकरच्या कागदाला भोके पाडली. १९६४ मध्ये किंक्स चमूच्या डेव्ह डेव्हिसने तो कागद पात्याने चिरला. निर्माते दोष घालवू पाहत होते, वादक तोच दोष मुद्दाम घडवत होते. या ओढाताणीतूनच आपल्या ‘व्हिंटेज’ नादाचा जन्म झाला.

१०/ आता अटलांटिकपार. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ढोलकवादकाचे वाद्यांचे दुकान होते. गिऱ्हाइकांना फेंडरसारखे ॲम्प हवे होते, आणि आयात केलेला माल महाग पडे. १९६२ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने त्यांनी फेंडरच्या ‘बासमन’चा आराखडा समोर ठेवून स्वतःचा ॲम्प तयार केला. ‘बासमन’ नावाप्रमाणे बास गिटारसाठी होता, तरी साध्या गिटारवाल्यांनी तो केव्हाच पळवला होता.

११/ पोथीची नक्कल करताना पाठभेद शिरतात, तसेच येथे झाले. आराखडा जवळपास तोच, पण सुटे भाग ब्रिटनमध्ये मिळतील ते. जेन्सनऐवजी सेलेस्चनचे स्पीकर आले, पुढे केटी६६ ट्यूब आल्या. आवाज अधिक रांगडा झाला. यातूनच नंतर ‘१९६२’ हा कॉम्बो निघाला. १९६६ च्या जॉन मेऑलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ अल्बमवर एरिक क्लॅप्टनने तो वाजवला, आणि स्टुडिओतही मैफलीइतक्याच मोठ्या आवाजात वाजवण्याचा आग्रह धरला. त्या अल्बममुळे कॉम्बोला ‘ब्लूजब्रेकर’ हे नाव चिकटले.

१२/ तिसरे घराणे ‘व्हॉक्स’चे. केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे डिक डेनी यांनी ‘एसी१५’ रचला : दोन ईएल८४ ट्यूब, १५ वॉट. किंचाळणाऱ्या श्रोत्यांपुढे शॅडोजसारख्या चमूंना तो अपुरा पडू लागला, तेव्हा चार ईएल८४ ट्यूबांचा ‘एसी३०’ आला. स्वच्छ, खणखणीत, वरच्या पट्टीत लखलखणारा हा नाद. ही ईएल८४ ट्यूब मूळची रेडिओ-ग्रामोफोनच्या जगातली. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही ती एकेकाळी बनवली.

१३/ त्यानंतर आवाजाची शर्यत लागली. फेंडरचा ‘ट्विन रिव्हर्ब’ ८५ वॉटपर्यंत पोहोचला. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सनी ५५ हजारांहून अधिक लोकांपुढे १०० वॉटचे व्हॉक्स वापरले, तरी किंकाळ्यांत ते बुडाले. कारण उघड आहे. तेव्हाची सभागृहीय ध्वनियंत्रणा मुख्यतः गायकासाठी असे. गिटार शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याचा भार बहुतांशी ॲम्पवरच होता.

१४/ पुढे गिटारच्या ॲम्पसमोरही मायक्रोफोन ठेवण्याची रीत रुळली आणि मोठ्या ॲम्पमागचे ऐतिहासिक कारणच निघून गेले. १९७० मधील ‘लैला’ अल्बमच्या ध्वनिमुद्रणात क्लॅप्टनने फेंडरचा ‘चॅम्प’ वापरला, अवघ्या पाचएक वॉटचा. नील यंग आजवर १९५९ चा ट्वीड डिलक्स घेऊन प्रचंड मैदाने गाजवतो. ॲम्प लहानच, फक्त समोर मायक्रोफोन.

१५/ येथे या थ्रेडचे मुख्य प्रतिपादन. ऐतिहासिक निष्ठा पेटीवरच्या आकड्याशी ठेवायची की त्या नादाच्या परिस्थितीशी? क्लॅप्टनचा १९६६ चा नाद त्या कॉम्बोइतकाच, तो कॉम्बो मर्यादेपर्यंत ताणला गेला होता या गोष्टीचाही आहे. तोच ॲम्प दहा बाय बाराच्या खोलीत कळ एकवर ठेवून वाजवला, तर हाती उरते ते कापड आणि नाव. उलट पाच वॉटचा छोटा कॉम्बो आपल्या मर्यादेपर्यंत नेता आला, तर तो त्या इतिहासाच्या अधिक जवळ आहे.

१६/ वॉटचे गणितही समजून घ्या. शक्ती दुप्पट झाली की आवाज केवळ ३ डेसिबेलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. म्हणून १५ आणि ३० वॉटमध्ये वाटतो तेवढा फरक नसतो, आणि ५ वॉटही खोलीत चांगलेच मोठे वाटतात. शेजाऱ्यांचा विचार असेल तर ॲम्प आणि स्पीकर यांमध्ये लावायचा ॲटेन्युएटर मिळतो. मात्र स्पीकर किंवा तसा भार न जोडता ट्यूब ॲम्प कधीही चालवू नये. त्याने आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

१७/ मग निवड कशी करावी? फाटका, दमदार ब्लूज हवा आणि जागा लहान असेल, तर चॅम्प किंवा ट्वीड डिलक्सच्या वळणाचा ॲम्प. झणझणीत ब्रिटिश पॉपचा नाद हवा असेल, तर एसी१५ च्या वळणाचा. ढोलकवाल्यासोबतही स्वच्छच राहणारा आवाज हवा असेल, तर मात्र ट्विनसारखा मोठा ॲम्पच इतिहासाला धरून आहे, कारण तो न फाटण्यासाठीच बांधला गेला. आधी जागा आणि संगीत ठरवा, साल आपोआप ठरेल.

१८/ विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. मूळ कोणत्या आराखड्यावर हा बेतला आहे? रेक्टिफायर ट्यूबचा आहे की डायोडचा? स्पीकर कोणता? जोडणी हाताने केलेली आहे की छापील सर्किट बोर्डावर? छापील बोर्ड म्हणजे कमअस्सल असे नव्हे, पण किमतीतला फरक बऱ्याचदा तेथे असतो. आणि कळींवरची नावे जपून वाचा. आवाजाची तीव्रता कमी-जास्त करणाऱ्या ‘ट्रेमोलो’ला फेंडरने ॲम्पवर ‘व्हायब्रेटो’ म्हटले, आणि सूर हलवणाऱ्या गिटारच्या दांड्याला ‘ट्रेमोलो’. ही अदलाबदल आजही चालू आहे.

१९/ ‘मग खरोखर जुनाच का घेऊ नये?’ असे कुणी विचारेल. काही ट्वीड ॲम्पच्या आत चिकटपट्टीच्या तुकड्यावर जोडणी करणाऱ्या कामगार स्त्रीचे पहिले नाव लिहिलेले सापडते. असे साधन हाती येणे हे भाग्यच. परंतु साठ-सत्तर वर्षांत कपॅसिटर वाळतात, ट्यूब आणि स्पीकर बदलले जातात. जीर्णोद्धार झालेल्या देवळासारखीच त्याची गत : किती दगड मूळचे, हे विचारावेच लागते.

२०/ शिवाय अमेरिकेतील जुना ॲम्प तिकडच्या सुमारे ११७ व्होल्टसाठी बांधलेला असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर नसेल तर तो पहिल्याच दिवशी जळेल. आणि वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. हौसेखातर पेटी उघडू नका, जाणत्या कारागिराकडे न्या. येथे चूक जिवावर बेतते.

२१/ नव्या ॲम्पलाही इतिहास सुटत नाही. ट्रान्झिस्टर आल्यावर पाश्चात्त्य देशांतील ट्यूबचे बहुतेक कारखाने बंद पडले. आज त्या प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध सुरू झाल्यानंतर, रशियाच्या निर्यातबंदीमुळे साराटोव्ह येथील कारखान्याच्या ट्यूबांचा पुरवठा काही काळ अडला आणि जगभरचे गिटारवाले धास्तावले. म्हणून ट्यूब सहज मिळणाऱ्या जातीच्या आहेत ना, हेही खरेदीपूर्वी पाहा.

२२/ दुकानात जाल तेव्हा स्वतःची गिटार न्या. कळ आपल्या घरी शक्य असेल तेवढीच ठेवून दहा मिनिटे वाजवा. मग पाटीवरचा आकडा वाचा. फेंडर, मार्शल, डेनी यांच्यापुढे आपापल्या काळाची एक जागा होती आणि त्या जागेत ऐकू येण्याची अडचण होती. तुमच्यापुढेही एक जागा आहे. तिच्यासाठी निवडलेला ॲम्प लहान निघाला, तर त्यात कमीपणा नाही. चॅम्पही लहानच होता.

(समाप्त)