दुकानातून ग्रंथालयात, ग्रंथालयातून दुकानात

इंटरनेटवरील दुकानात सदरा शोधताना आपण काही चौकटींवर खुणा करतो: सुती, निळा, अर्ध्या बाह्यांचा, पाचशे रुपयांच्या आत. हजारो सदऱ्यांतून मोजके उरतात. या चाळण्यांमागचे तत्त्व मात्र संगणकाआधीचे, ग्रंथालयातले आहे.

१८७६ साली मेल्विल ड्युई यांनी दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, अशी झाडाच्या फांद्यांसारखी रचना होती. पण 'भारतातील भातावरील रोग' हे पुस्तक कोणत्या फांदीवर ठेवायचे? शेती, रोग की भारत?

१९२४ साली गणित शिकवणारे शि. रा. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तेथे सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिला. पट्ट्या, चाके, बोल्ट तेच; जोडणी बदलली की खेळणे नवे! पुस्तकाचा विषयही असाच सुट्या भागांतून जोडता येईल, हे त्यांच्या लक्षात आले. १९३३ साली त्यांचे 'कोलन क्लासिफिकेशन' प्रसिद्ध झाले. भाग जोडणारे चिन्ह होते कोलन, म्हणजे द्विबिंदू. पुढे त्यांनी विषयाचे पाच मूलभूत पैलू मांडले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल.

यातले गणित सोपे आहे. सदऱ्याचे चार पैलू आणि प्रत्येकाचे पाच पर्याय घेतले, तर शब्द लागतात फक्त २०. जोडण्या मात्र ५×५×५×५, म्हणजे ६२५ होतात. अट एकच: पैलू एकमेकांत मिसळता कामा नयेत. रंगांच्या यादीत 'लग्नासाठी' हा शब्द शिरला, की घोटाळा झालाच.

२००० नंतरच्या काही वर्षांत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्टी हर्स्ट यांच्या गटाने 'फ्लेमेंको' प्रकल्पात हेच तत्त्व पडद्यावर आणले. प्रत्येक पर्यायापुढे किती वस्तू मिळतील ती संख्या दिसे. त्यामुळे रिकाम्या पानावर जाऊन अडकण्याची वेळ येत नसे.

पण चाळणीला दिसते ते फक्त नोंदवलेले. विक्रेत्याने 'सुती' असे लिहिले नाही, तर सुती सदराही गळून पडतो. 'हातमाग की यंत्रमाग' हा पैलूच ठेवला नसेल, तर ग्राहकाला त्यानुसार निवड करताच येत नाही. म्हणून पैलू ठरवणे हे केवळ तांत्रिक काम नाही, असे आम्हांला वाटते.

शाळेच्या कपाटातील पन्नास पुस्तके विद्यार्थ्यांपुढे ठेवा आणि पैलू त्यांनाच ठरवू द्या. प्रत्येक गटाची यादी वेगळी येईल. कोणत्या यादीने कोणते पुस्तक हरवले, ही चर्चा मग जरूर करावी.