रोग दिसतो, पाहणारा पाहिजे

श्रोतेहो, कर्करोग हा शब्द निघतांच आपल्या घरांतून आवाज खालीं येतो. आणि तो रोग गर्भाशयमुखाचा असला तर बोलणेंच बंद होतें. आज मीं हा रोग वेळीं ओळखण्याच्या विद्येचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. हा रोग चोरपावलांनीं येतो खरा, परंतु तो धांवत येत नाहीं. पेशींत विकृति दिसूं लागल्यापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षें लोटतात. एवढी मुदत देणाऱ्या शत्रूपुढेंही आपण हार खावी, याचें कारण ज्ञानाचा अभाव नव्हे. पाहणाऱ्या डोळ्यांचा अभाव होय.

ज्ञान तर केव्हांच प्राप्त झालें होतें. जर्मनींत हिन्सेलमान यांनीं १९२५ सालीं गर्भाशयमुख मोठें करून पाहण्याचें यंत्र, कॉल्पोस्कोप, पुढें आणलें. न्यूयॉर्क येथें संशोधन करणारे मूळचे ग्रीक डॉक्टर पापानिकोलाऊ यांनीं १९४३ सालीं ट्राऊट यांच्यासह ग्रंथ प्रसिद्ध करून, पेशींचा लेप कांचेवर घेऊन तपासल्यास रोगाची चाहूल आधींच लागते, हें दाखवून दिलें. पुढें ज्या ज्या देशांनीं ही परीक्षा नेमानें चालविली, तेथें या रोगाचे मृत्यु पुष्कळच घटले.

आपल्याकडे मात्र मार्ग अडला. लेपाच्या परीक्षेस रंग, सूक्ष्मदर्शक आणि कसलेली नजर लागते. निकाल हातीं येईपर्यंत बाई गांवीं परत गेलेली असते, आणि मजुरी बुडवून ती पुन्हां येतेच असें नाहीं. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालींच उघडलें होतें. पण खेड्यांतील अनेक स्त्रिया तेथें पोंचत, त्या रोग बळावल्यावर. तेव्हां प्रश्न असा उभा राहिला कीं, रुग्णास विद्येकडे आणणें जमत नसेल, तर विद्याच रुग्णाच्या दारीं कां नेऊं नये?

याचें एक उत्तर सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें मिळालें. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयांत १९८७ सालीं देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. नोंद घेणारे कार्यकर्ते नोंद घेतां घेतां लक्षणेंही समजावून सांगूं लागले, आणि स्त्रिया पूर्वीपेक्षां अगोदरच्या अवस्थेंत उपचारास येऊं लागल्या. पुढें १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत ३० ते ५९ वर्षांच्या १ लक्ष ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास हातीं घेण्यांत आला. त्यासाठीं नर्सबाईंना परीक्षा करण्यास शिकविलें. डॉक्टरांना कॉल्पोस्कोपनें पाहण्यास, तपासणीसाठीं लहानसा तुकडा काढण्यास व विकृत भाग गोठवून नष्ट करण्यास शिकविलें.

परीक्षांपैकीं एक अगदीं साधी आहे. व्हिनेगरांत जें आम्ल असतें, तेंच सौम्य करून गर्भाशयमुखावर लावावयाचें व मिनिटभर थांबावयाचें. विकृत भाग पांढरा पडतो. दुसरी परीक्षा, हाराल्ड त्सुर हाउसेन यांनीं १९८३ सालीं ज्याचा या रोगाशीं संबंध दाखविला, त्या विषाणूची. २००९ सालीं निकाल प्रसिद्ध झाले. विषाणुपरीक्षा झालेल्या सुमारें ३४ हजार स्त्रियांत या रोगानें ३४ मृत्यु झाले; कोणतीच परीक्षा न झालेल्या सुमारें ३१ हजारांत ६४. एकदांच केलेल्या लेपाच्या किंवा आम्लाच्या परीक्षेनें मात्र मृत्यूंत म्हणण्यासारखी घट झाली नाहीं.

पण येथेंच निराश होण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा रुग्णालयानें दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचें शिक्षण देऊन हीच आम्लाची परीक्षा दर दोन वर्षांनीं, अशी चार वेळां करविली. तेथें मृत्यु शेंकडा ३१ नीं घटले. जें एका फेरीनें साधलें नाहीं, तें नेमानें व देखरेखीखालीं पुनःपुन्हां पाहण्यानें साधलें, असा याचा अर्थ मला दिसतो. शिकविणें हें एक दिवसाचें काम नव्हे.

या अभ्यासांवर एक गंभीर आक्षेप घेण्यांत आला, तो झांकून ठेवूं नये. तुलनेसाठीं हजारों स्त्रियांना परीक्षेविना ठेवणें न्याय्य होतें काय? त्या भागांत अशी परीक्षा मुळांतच होत नव्हती, हें त्यावरील उत्तर. तें ज्यास पटेल त्यास पटो. परंतु ज्यांच्या मृत्यूंची गणना करून आपण शहाणे झालों, त्या स्त्रियांचें ऋण आपल्यावर आहे, हें दोन्ही पक्षांनीं मान्य केलें पाहिजे.

तें आपण फेडलें काय? केंद्र सरकारनें २०१६ सालीं तिशीपुढील स्त्रियांच्या परीक्षेची योजना आंखली. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणींत ३० ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत दोघींचीही परीक्षा झालेली आढळली नाहीं. श्रोतेहो, शिकविण्याची रीत ठाऊक आहे, खर्च थोडा आहे, शत्रूनें मुदतही दिली आहे. आपल्या घरच्या स्त्रियांना ही गोष्ट आज मोकळेपणानें सांगा. आणि ज्या बाई तुमच्या घरीं धुणेंभांडीं करण्यास येतात, त्यांना ती आधीं सांगा.