पंधरा एप्रिलची गिऱ्हाइकी

आमच्या नांदेडात १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, निळे झेंडे, बाबासाहेबांच्या तसबिरी, पुस्तकं हातोहात खपतात. मला घोर असतो तो १५ एप्रिलचा: वस्तीतल्या धंद्याला दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक असतं का?

गावकुसाबाहेर हुन्नर कधीच कमी नव्हता. मांगवाड्यात घायपाताचं चऱ्हाट वळलं जायचं, चांभारवाड्यात मोटेची कातडी शिवली जायची. पण मोल मिळायचं सुगीला, खळ्यावर, मालक देईल तेवढ्या धान्यात. हातात रोकडच नाही, तर भांडवल साठणार कुठून? त्यात १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्याच हिंसाचारात आपल्याच जिल्ह्यात पोचिराम कांबळे या दलित माणसाचा जीव घेतला. घर जळतं तेव्हा धंद्याची हत्यारंही जळतात.

तरीही काहीजण धंद्यात उभे राहिले. लातूर जिल्ह्यातले मिलिंद कांबळे नांदेडच्या तंत्रनिकेतनात शिकले, पुण्यात बांधकाम ठेकेदार झाले आणि २००५ मध्ये त्यांनी ‘डिक्की’ ही दलित उद्योजकांची संघटना उभी केली. २०१२ पासून केंद्राच्या खरेदीत ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी राखला गेला. अमेरिकेत काळ्या उद्योजकांसाठी असे प्रयत्न त्याच्या कितीतरी आधीपासूनचे.

सरकार टेंडर काढेल. गल्लीतलं गिऱ्हाईक मात्र आपणच. दुकानदाराचं आडनाव ऐकून पुढं सरकणारे अजून आहेत, आणि मला त्याचा संताप येतो. आमच्या घरचे कपडे बारा महिने वस्तीतल्याच टेलरकडं पडतात. शिलाई रोख, उधारी नाही.