संत कॅथरीन आणि तिच्या नांवाच्या शाळा

अमेरिकेंतील कॅथलिक प्राथमिक शाळांच्या पाट्यांवर सिएनाच्या संत कॅथरीनचें नांव ठिकठिकाणीं आढळतें. हा योग मोठा चमत्कारिक आहे. कारण १३४७ सालीं एका रंगाऱ्याच्या घरीं जन्मलेल्या या साक्षात्कारी स्त्रीनें स्वतः शाळेचें तोंडहि पाहिलें नव्हतें. वाचावयास ती मोठेपणीं शिकली. तिचीं सुमारें ३८० पत्रें उपलब्ध आहेत. तीं बहुतेक तिनें सांगावीं व लेखनिकांनीं उतरून घ्यावीं. ईश्वर आणि जीव यांच्या संवादाचा तिचा ग्रंथहि असाच सिद्ध झाला. १३७६ मध्यें तिनें आव्हिन्योंला जाऊन पोप अकराव्या ग्रेगरीला रोमला परतण्याची गळ घातली. तो परतला खरा. पण त्याचें सगळें श्रेय तिलाच देणें इतिहासास धरून होणार नाहीं. १३८० सालीं, ३३ व्या वर्षीं, ती वारली.

मग हें नांव शाळांवर आलें कसें? निव्वळ भक्तीच्या उमाळ्यानें आलें असें मानणें भाबडेपणाचें होईल. कॅथरीन डॉमिनिकन परंपरेंतली, आणि त्या परंपरेंतील संन्यासिनींनीं अमेरिकेंत शिक्षिकेचें काम पत्करलें होतें. त्यांचा तेथील पहिला संघ १८२२ मध्यें केंटकींत निघाला. तो पुढें कॅथरीनच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. त्या काळच्या सरकारी शाळांतून प्रॉटेस्टंटांचें बायबल वाचलें जाई. या बायबलाच्या वादावरून १८४४ मध्यें फिलाडेल्फियांत दंगे होऊन कॅथलिकांचीं चर्चें जळालीं. १८८४ च्या बाल्टिमोर धर्मपरिषदेनें प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आंत शाळा काढण्याचा आदेश दिला, त्यामागें ही जुनी जखम होती. १९२२ सालीं ऑरेगनच्या मतदारांनीं मुलांना सरकारी शाळेंतच घालण्याची सक्ती मंजूर केली. त्याविरुद्ध संन्यासिनींचा एक संघ न्यायालयांत गेला, आणि १९२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा रद्द ठरविला.

या शाळा चालल्या कशा याचें उत्तर मात्र हिशेबाच्या वहींत आहे. संन्यासिनी जवळजवळ फुकट शिकवीत. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत प्राथमिक व माध्यमिक मिळून ५० लाखांवर मुलें या शाळांत होतीं. आज २० लाखहि नाहींत. संन्यासिनी घटल्या, पगारी शिक्षक आले, फी वाढली आणि शाळा एकामागून एक बंद पडल्या. चर्चनें कॅथरीनला आचार्यपद दिलें तें १९७० सालीं, ओहोटी लागल्यावर! केंटकींतील तो मूळ संघहि २००९ मध्यें इतर संघांसह एका नव्या संघांत विलीन झाला.